मधलाच शब्द विचारला तर

अमेरिकेत कुठेशी भाऊबंदकी पेटली आणि इकडे आमच्या भातकुली गावात लोकांना शिंगं फुटली. तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि आमच्या कापसाला असा भाव आला की शेजारच्यांनी बैलांना चांदीचे तोडे केले आणि स्वतः मात्र जुन्याच धोतराला ठिगळ लावून हिंडले. अमरावतीत कापूस घ्यायला विलायती साहेब येऊन बसले होते. त्यांना दुभाषे हवे होते. आमच्या ह्यांनी ठरवलं, आपण दुभाषा व्हायचं.

मला ते फार पटलं. ह्यांच्या विद्वत्तेवर माझा भरवसा होता असं नाही. दुभाष्याला अमरावतीत बिऱ्हाड करावं लागतं आणि बिऱ्हाडाला बायको लागते, एवढंच मी पाहिलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी सासूच्या नजरेखाली चरखीवर बसून कापसातली सरकी काढत होते. घास जरा मोठा घेतला तरी तिला दिसायचा. मला माझी स्वतःची चूल हवी होती, मग ती खुराड्याएवढ्या खोलीत का असेना.

शिकवायला बाळापूरचे एक मुन्शी भेटले. ते रेल्वेच्या कामावर साहेबांच्या हाताखाली राहून आले होते आणि आता कापसाच्या निमित्ताने अमरावतीत असायचे. त्यांची रीत आपल्या पंतोजींचीच. पाढे म्हणतात तसे शब्द म्हणायचे, एका सुरात, मान हलवत. आधी इंग्रजी शब्द, मागोमाग अर्थ, आणि अर्थही उर्दूत! मॅग्निफिसंट म्हणजे शानदार, ऑब्स्टिनेट म्हणजे जिद्दी, बेनेव्होलंट म्हणजे रहमदिल. हे बाजाराला जायचे, नवे शब्द घेऊन यायचे आणि ओसरीवर मांडी घालून सुरू व्हायचे. आत चरखी फिरवता फिरवता मलाही सगळं पाठ झालं. न होऊन सांगतं कोणाला! गल्लीतल्या कोंबड्यांनाही झालं असेल.

घोडं कुठे पेंड खातंय ते वेचणीच्या वेळी कळलं. शेतात आम्ही दोघं शेजारशेजारच्या ओळीत होतो, आसपास कोणी नव्हतं. मी सहज विचारलं, "ऑब्स्टिनेट म्हंजे काय जी?"

ह्यांनी डोळे मिटले, मान हलवायला घेतली आणि अगदी पहिल्या शब्दापासून पाढा धरला. ऑब्स्टिनेटपर्यंत पोचेस्तोवर मी बरीच पुढे वेचत गेले होते.

"असं काहून? मंधातलाच सांगता येत नाही का?"

"मंधातून कसं येईन? तुले सतराचा पाढा मंधातून येते का?"

"मले कोणताच पाढा येत नाही. पन साहेब काय सुरुवातीपासून बोलीन का?"

ह्यांचा चेहरा उतरला. वेचणी संपली की साहेब ह्यांची परीक्षा घेणार होता. माझी चूल, माझी खोली, सगळं त्या पाढ्यात अडकून बसलं होतं.

उपाय एकच होता, शब्द उलटेसुलटे विचारत राहायचं. पण वडीलधाऱ्यांसमोर दिवसाढवळ्या नवऱ्याशी बोलायची तेव्हा सोय नव्हती. मग मी जनावरांशी बोलायला लागले.

अंगणात कुत्रं शिरलं की मी आतून ओरडायची, "हाड, बेनेव्होलंट!" ओसरीवरून हे गडबडून म्हणायचे, "रहमदिल!" म्हशीनं दावं ओढलं की मी, "थांब वं, मॅग्निफिसंट!" आणि बाहेरून, "शानदार!" सासऱ्यांनी एकदा हातातली चिलीम खाली ठेवली. "म्हशीची येवढी तारीफ काहून करून राहिला बे?" असं त्यांनी ह्यांना विचारलं, तेव्हा ह्यांना ठसका लागला.

सासूला संशय आलाच. "हे काय बोलून राहिली वं तू?"

"माह्या माहेरच्या शिव्या हायेत, आत्याबाई."

तिला त्या फार आवडल्या. शिवी जितकी लांब तितकी जबर, असं तिला वाटलं असावं. पाणवठ्यावर भांडण झालं तेव्हा तिनं शेजारणीला "बेनेव्होलंट कुठची!" म्हणून असं झोडपलं, की ती बाई घागर तिथेच टाकून घरी पळाली. मी तोंडात पदर कोंबून हसले. त्या घरात मी एवढी कधी हसले नव्हते.

कापूस घरात आला तोवर ह्यांना कोणताही शब्द कुठूनही विचारा, अर्थ तयार. मानसुद्धा हलत नव्हती. अमरावतीला गेले, साहेबानं मधलेच शब्द विचारले, ह्यांनी धडाधड सांगितले. नोकरी लागली. घरी गूळ वाटला. सासरे आल्यागेल्याला सांगत होते, "आमच्या घरान्यातच अक्कल हाय." हे शेजारी बसून ऐकत होते आणि गूळ खात होते. मी म्हटलं, खाऊ दे. मला खोलीशी मतलब.

मी गाठोडं बांधलं. निघायच्या सकाळी पाहते तर सासूचंही गाठोडं दारात. सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या मामाजींनी, निकाल दिला, "पोराले रांधून घालाले त्याची माय जाईन. सुनेचं अमरावतीत काय काम? तिले काय समजते?"

सासू जात होती, म्हणजे नजरेचा जाच संपणार होता, हे मला दिसत होतं. तरी डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दारात जुंपलेल्या दमणीच्या बैलाच्या गळ्यातली घंटी नीट करत होते. घंटी नीटच होती.

सासू दमणीत चढून बसली. निरोप द्यायला निम्मी गल्ली जमली होती. हेही चढले आणि एकाएकी ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खाली उतरले आणि थेट माझ्यासमोर येऊन, सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणाले, "आवं, ॲडल्टरेशन म्हंजे काय वं? साहेब गेल्या गेल्या तेच काढीन!"

साहेब लोक तेव्हा त्याच एका गोष्टीवर डोळा ठेवून होते. कापसात माती मिसळणं, पाणी शिंपडणं, म्हणजे भेसळ. मला अर्थ येत होता. तो ओठावरच होता. सासूनं दमणीतून मान बाहेर काढली, सासरे माझ्याकडे बघायला लागले.

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मले काय समजते, जी?" मी म्हटलं. "मामाजीले इचारा."