भोकरदनला न लागलेला निकाल

"दाब! अरे दाब की! सासुरवाडीला आला का काय तिथं?"

शेठजी गादीवरून गरजले आणि मी दाबलं. माझं शिलाई मशीन त्यांच्या कापड दुकानाच्या ओट्यावर असायचं. पाठ दुकानाकडं, पाय पायडलवर. हुकूम आपल्यालाच आहे असं समजून मी अशी काही टाच मारली, की जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या सदऱ्याची बाही थेट खिशाला जोडली गेली. बिचाऱ्यानं सदरा तसाच नेला. पुढं बरेच दिवस तो एक हात खिशात घालून फिरे, आणि त्या ऐटीमुळं खेड्यातले लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणू लागले.

मी मागं वळून पाहिलं तर शेठजी मला नाही, टीव्हीला ओरडत होते. टीव्हीत जर्मनी होती. जमिनीला पोट लावून पळणाऱ्या शर्यतीच्या मोटारी एका वळणावर एकमेकींना रेटत होत्या, आणि भोकरदनच्या बाजारपेठेतला सगळ्यात सुस्त माणूस त्यांना घाई करायला सांगत होता.

सुस्त म्हणजे किती, हे ज्यांनी त्या काळात तिथं कापड घेतलं त्यांना विचारा. "जल्दी काय हाय, भाऊ?" हे शेठजींचं पालुपद. लग्नाचा बस्ता बांधायला मंडळी आली, की आधी चहा, मग पाहुण्यांची चौकशी, मग त्यांच्या पाहुण्यांची चौकशी. नवरीचा शालू कपाटातून निघेपर्यंत तिची धाकटी बहीण लग्नाला येई. त्यांच्याकडं एक मोपेड होती. तिच्यावरून ते घरी जेवायला निघाले, की सायकलवाले त्यांना ओलांडताना रामराम घालत. म्हशी तेवढंही करत नसत.

असा हा राजस्थानातून पिढ्यांमागं आलेल्या घरातला, पोट मांडीवर ठेवून बसणारा गृहस्थ शर्यतीच्या नादी लागला तो साडूमुळं. साडू जर्मनीत रंगीत खड्यांच्या व्यापारात होते. एका दिवाळीला त्यांनी शेठजींना रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणून दिला, आणि सोबत एक कॅसेट. त्या कॅसेटवर जर्मनीची मोटारींची शर्यत होती. शेठजींनी ती पाहिली आणि निरोप धाडला: हाच माल पाठवत राहा. तिकडं वर्षभर शर्यतींची मालिका चाले आणि शेवटी एकाला अजिंक्यपद मिळे. साडू प्रत्येक शर्यत टेप करत आणि कोणी मुलखाकडं निघालं की त्याच्याबरोबर कॅसेटी देत. त्या जयपूरला उतरत, तिथून कोणाच्या तरी बिस्तऱ्यात जालन्याला येत आणि मग एसटीनं भोकरदनला. तिकडच्या उन्हाळ्यातली शर्यत आमच्याकडं स्वेटर घालून पाहावी लागे.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या पांढऱ्या गादीवर प्रयोग. आवाज बंद. जर्मन निवेदक बातमी देतोय की दम देतोय, हे कोणालाच कळत नसे. आवाज शेठजींचा. मोटारींना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. पांढरी होती ती पॉपलीन. लाल ती मखमल. पिवळी मलमल. एक काळी होती, तिला सगळे छत्रीचं कापड म्हणत.

"पॉपलीन आली! पॉपलीन आली! मखमल फुगून राह्यली नुसती, वळणावर सुरकुती पडली पाहा तिला!"

एकदा ऐन रंगात लाईट गेली. शेठजी थांबलेच नाहीत. काळ्या काचेकडं बघत त्यांनी शर्यत तशीच पुढं चालवली. दोन गाड्या ठोकल्या, एकीचं चाक काढलं, पॉपलीनला पुढं घातलं. लाईट आली तेव्हा लोक नाराज झाले. खऱ्या गाड्या फारच हळू पळत होत्या.

शेठजी पॉपलीनचे. तिचा ड्रायव्हर कोण, कुठला, त्यांना पत्ता नव्हता. पण तो दर वर्षी दुसऱ्या नंबरावर राही, आणि हे शेठजींच्या काळजाला लागलं होतं. "चांगला माल हाय हो," ते म्हणत, "फक्त मुहूर्त लागून न्हाई राह्यला."

मखमलीचे पुढारी आप्पा. आप्पा म्हणजे जवळच्याच गावचे मोठे शेतकरी, शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, शौकीन. त्यांच्या बैलजोडीनं तालुक्यात एकही पट सोडला नव्हता. ते शेठजींकडं पिढीजात गिऱ्हाईक, आणि पिढीजात भांडखोरही.

"शेठ, तुमची पांढरी म्हंजी खिल्लारावाणी दिसायला. पळायला न्हाई."

"आप्पा, तुमच्या बैलाला एक गियर तरी हाय का?"

अर्धं भोकरदन पॉपलीनकडं, अर्धं मखमलीकडं. सोयरिकी मोडायची वेळ आली, असं मी म्हणणार नाही, पण एका मुलीच्या बापानं स्थळ बघायला आलेल्यांना "तुम्ही कोणत्या गाडीचे?" असं विचारल्याचं मी या कानांनी ऐकलं आहे.

मग एका सालात शेठजींच्या लक्षात आलं, की गाड्या कमी होत चालल्या आहेत. दर कॅसेटला एखादं कापड गळालेलं. "आज छत्रीचं कापड न्हाई आलं," ते हळूच म्हणाले. पुढच्या खेपेला मलमल नव्हती. लोक गाड्या बघत, शेठजी गाड्यांच्या मागच्या, प्रेक्षकांनी बसायच्या पायऱ्या बघू लागले. "बघा तिथं. धुणं वाळत घालावं इतकी जागा हाय." दुकानदाराचा डोळा तो. गिऱ्हाईक तुटलं की त्याला आधी कळतं.

शेवटी जालन्याहून कॅसेटी घेऊन आलेल्या माणसानं ओट्यावर पाय ठेवत सांगितलं, "शेठजी, साडूंचा निरोप हाय. ही शर्यत बंद पडली. हे शेवटचं साल. आन् अजिंक्यपद कोणाला..."

"बोलू नका!" शेठजी कानांवर हात ठेवून असे ओरडले, की पलीकडच्या भांड्याच्या दुकानात कळशा उतरंडीवरून घरंगळल्या. "एक अक्षर बोलू नका!"

"न्हाई, मी म्हन्तो, कोणाला मिळंल ते शेवटच्या कॅसेटीत हाय. ती मागून येऊन राह्यली."

त्या दिवशी शेठजींनी एक वारही कापड फाडलं नाही. "माल एक नंबर," ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आन् दुकान बसलं. आता पॉपलीनला हे शेवटचं साल. आता जिंकली तर जिंकली."

दुसऱ्या दिवशी ते राजूरला गेले. मोपेडवर नाही, पायी. ही बातमी कळताच लोक रस्त्यावर येऊन उभे राहिले. त्यांना इतकं चालताना कोणी पाहिलेलं नव्हतं. राजूरच्या गणपतीला त्यांनी नवस बोलला: पॉपलीन जिंकू दे, माझ्या भारंभार गूळ वाहीन. हे कळताच बाजारात गुळाचा भाव कडक झाला.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "शेठजी, शर्यत होऊन गेली. तिकडं हार घालून झाले, हार वाळले, कचऱ्यात गेले. आता नवस बोलून बाप्पा काय करणार?"

शेठजींनी माझ्याकडं, मी उलटं कापड शिवत असल्यासारखं पाहिलं. "निकाल जर्मनीत लागला आसंल. भोकरदनला न्हाई लागला अजून."

मी सुईत दोरा ओवला.

शेवटची कॅसेट आली त्या दुपारी गादीवर मुंगीला जागा नव्हती. लाईटचा भरवसा नको म्हणून मांडववाल्याचा जनरेटर आणून ओट्यावर ठेवला होता; माझं मशीन त्याच्या हादऱ्यानं आपोआप शिवू लागलं. शेठजींनी नवा सदरा घातला होता. पांढरा, पॉपलीनचाच. आप्पा लाल फेटा बांधून आले होते. दोघं शेजारी बसले.

काय शर्यत झाली म्हणता! सुरुवातीपासून मखमल पुढं, पॉपलीन तिच्या शेपटीला. शेठजींचा आवाज आधी बसला, मग उठला, मग फाटला. शेवटची फेरी. शेवटचं वळण. मखमल जरा बाहेर गेली आणि पॉपलीन आत घुसली. दोघी बरोबरीत. एकीचं नाक पुढं, की दुसरीचं?

"दाब! दाब! दा..."

आणि पडद्यावर एक बाई आली. गोरी, गुबगुबीत, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी. ती आमच्याकडं बघून हसली, एक अंडं उचललं आणि भांड्याच्या काठावर फोडलं.

चार पिढ्या कांदासुद्धा न शिवलेल्या शेठजींच्या गादीवर, गणपतीच्या तसबिरीखाली, एका मागून एक अंडी फुटत होती आणि कोणाला बटण सापडत नव्हतं. शर्यत उशिरा सुरू झाली असावी, साडूंचं टेप करायचं मशीन ठरल्या वेळी आपोआप बंद झालं असावं, आणि जुन्या कॅसेटवरचा खालचा कार्यक्रम वर आला असावा. हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण. त्या वेळी अर्धी मंडळी म्हणत होती पॉपलीन जिंकली, अर्धी म्हणत होती मखमल, आणि मांडववाला म्हणत होता की बाई छान आहे.

कॅसेट मागं घेतली, पुन्हा लावली. वळण, बरोबरी, अंडं. पुन्हा लावली. अंडं.

"जालन्याला जाऊन ट्रंककॉल लावू," कोणी म्हणालं. "साडूला इचारू."

आप्पा शेठजींकडं बघत होते. शेठजींचा नवा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. त्यांनी कॅसेट बाहेर काढून खोक्यात घातली.

"न्हाई इचारायचं," ते शेवटी म्हणाले. "इचारलं तर दोघांतला एक जण हरंल. शर्यत तर बंद पडली. मंग पुढल्या आठवड्याला गादीवर कोण यील?"

आता प्रश्न नवसाचा. गूळ वाहावा, तर पॉपलीन जिंकली असं जाहीर होतं. आप्पा ते ऐकून घेणार नव्हते. न वाहावा, तर जिंकली असल्यास बाप्पाची फसवणूक. तोड काढली आप्पांनीच. पटाच्या मैदानात दोन जोड्यांचं तोंड एकदमच रेषेवर आलं, की पंच झेंडा आडवा धरतो आणि गुलाल दोन्हीकडच्या बैलांवर पडतो.

"जोड बराबर सुटली," आप्पा उठून म्हणाले. "गूळ निम्मा तुमचा, निम्मा माझा. बाप्पा वाटून घील."

"बिलकुल बराबर!" शेठजी म्हणाले, आणि चक्क आप्पांच्या गळ्यात पडले. आप्पांचा फेटा सुटला.

अडतीवरच्या मोठ्या तराजूत शेठजींना बसवलं. दुसऱ्या पारड्यात एक ढेप शेठजींची, एक आप्पांची, अशा रचत गेले. ट्रॉली रिकामी झाली तरी शेठजी जमिनीवरच. त्या तराजूचा दांडा तेव्हा वाकला तो वाकलाच, पुढं कित्येक वर्षं त्या अडतीवर माल घालणारे आधी "शेठजी बसायच्या आधीचं वजन, की नंतरचं?" असं विचारून घेत. गूळ ट्रॅक्टरनं राजूरला गेला. दोघं ट्रॉलीत ढेपांवर बसून गेले, एक पांढरा, एक लाल.

पुढल्या वर्षी साडू आले. ते एसटीतून उतरतात न उतरतात तोच शेठजींनी ओट्यावरून दम भरला: "बोलू नका! शर्यतीचं एक अक्षर बोलू नका!" साडू बिचारे घाबरून गप्प बसले. आम्ही त्यांच्याभोवती बसून त्यांचा चेहरा वाचत राहिलो. त्यांनी पेढा खाल्ला, की पॉपलीनवाले एकमेकांना टाळ्या देत. पाणी प्यायले, की आप्पा कुजबुजत, "पाहा, गिळून राह्यला. मखमलच जिंकली." साडू मंद हसत होते. सगळं माहीत असलेला माणूस हसतो तसं.

मग वर्षानुवर्षं तीच कॅसेट चालली. वळणापर्यंत. अंड्याच्या आधी शेठजी बरोबर बटण दाबत. उभ्या आयुष्यात त्यांनी घाईनं केलेलं ते एकच काम. पुढं केबल आली, पोरं दुसरंच काही बघू लागली. गादीवर शेठजी, आप्पा आणि पाठमोरा मी, एवढेच उरलो.

एके सकाळी चहाची बशी तोंडाला लावली आणि शेठजी गेले. इतक्या जल्दी! कापडाच्या एकेका ताग्याला तासतास लावणारा माणूस, बशीतला चहासुद्धा संपवून गेला नाही. आप्पा आले, आपल्या जागेवर बसले, बंद टीव्हीकडं पाहत राहिले.

"दाब म्हणायला कोणी राह्यलं न्हाई," ते मला म्हणाले.

तेराव्याला साडू आले. केस पांढरे झालेले, हातात काठी. जेवणं उरकल्यावर ते ओट्यावर माझ्या मशीनजवळ टेकले. मी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी डोळे मिटून मान हलवली: विचार.

"साडूसाहेब," मी म्हणालो, "आता शेठजी न्हाईत ओरडायला. सांगून टाका. त्या शेवटच्या शर्यतीत कोण जिंकलं? पांढरी, की लाल?"

आप्पा पुढं सरकून बसले.

"मला काय माहीत?" साडू म्हणाले. "मी मशीन लावून दुकानात जायचो. एक पण शर्यत बघितलेली न्हाई मी."