शनिवारी तुटणारी लाइन

दर शनिवारी संध्याकाळी ताइस्तोचं इंटरनेट जायचं, आणि तेही नेमकं लेकीशी बोलताना. बाकी आठवडाभर लॅपटॉप शहाण्यासारखा वागे. शनिवार आला की त्याच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे.

लेक रीक्का हेलसिंकीला असायची. आई गेल्यापासून शनिवारी पडद्यावर यायची. आधी बर्फ किती पडला, मग जेवलात का, आणि मग जरा थांबून, "बाबा, आईबद्दल एक विचारायचं होतं..." एवढं म्हणेपर्यंत तिचा चेहरा गोठायचा, तोंड अर्धवट उघडं. ताइस्तो लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करी, वायफायचं चिन्ह दाबदाबून बघे, शेवटी लॅपटॉप उचलून खिडकीशी नेई. ढिम्म काही व्हायचं नाही. मग वैतागून सौनात, घरातल्या घाम काढायच्या गरम खोलीत, जाऊन बसे. अंघोळ करून बाहेर यावं तर नेट हजर आणि रीक्का गायब. पोरीनंच रागाने लाइन तोडली असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आपणहून फोन करायचा त्याचा स्वभाव नव्हता. तिचाही नव्हता, बापावरच गेली होती ती.

जन्मभर विजेची कामं केलेल्या माणसाला एक यंत्र दाद देईना, याची लाजही वाटायची. सोमवारी त्याने कंपनीला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "आमच्याकडे सगळं ठीक दिसतंय." सोमवारी ठीक दिसणारच!

मग रीक्काचा निरोप आला: "बाबा, आईचा विषय निघाला की तुम्ही लॅपटॉप मिटता. बोलायचं नसेल तर तसं सांगा. या शनिवारी पुन्हा मिटलात, तर यापुढे मी फोन लावणार नाही."

मी मिटतो? ताइस्तो चक्रावून गेला. आणि मनातून घाबरला.

शनिवारी नेहमीसारखं त्याने सौनाच्या विजेच्या शेगडीचा टायमर लावला. शेगडी आपोआप पेटायची आणि बोलणं संपेतो सौना तापून तयार व्हायची. रीक्का पडद्यावर आली. बर्फाचं झालं, जेवणाचं झालं. तेवढ्यात शेजारचा वेइयो सौनासाठी आला आणि दारातल्या खुंटीवर कोट अडकवू लागला. इकडे रीक्काचा चेहरा गोठला.

"गेलं! पुन्हा गेलं!" ताइस्तो ओरडला.

"अरे, या कोटांमागच्या डब्याचा दिवा गेला बघ आत्ता," वेइयो म्हणाला. "राउटर इथे कशाला लटकवलायस?"

"बैठकीत लुकलुकायचा. डोकं उठायचं माझं."

ताइस्तो धावत आला. राउटर मुका झाला होता. आतून सौनाची शेगडी तापत असल्याचा टिकटिक आवाज येत होता. ताइस्तोने राउटर लावलेल्या प्लगकडे पाहिलं, शेगडीच्या दिशेला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तो प्लग दारातल्या हीटरच्या लाइनवरचा होता. शेगडी पेटली की घरातले हीटर बंद व्हावेत, म्हणजे फ्यूज उडत नाही, अशी जोडणी केलेली होती. आणि ती कुणी केली होती? त्यानेच, रीक्का लहान असताना.

"म्हणजे तुझा घाम निघायची वेळ झाली की पोरीचा पत्ता कट!" वेइयो खो खो हसला. ताइस्तोने जाऊन शेगडी बंद केली.

"अरे, शनिवारी सौना नाही? शुद्धीवर आहेस ना?"

"आज नाही. जा घरी."

वेइयो पुटपुटत कोट चढवून गेला. राउटरचा दिवा लागला. ताइस्तोने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून लेकीला फोन लावला.

"मी नव्हतो मिटत गं," तो घाईघाईने म्हणाला आणि सगळं सांगितलं. "मला वाटायचं, तूच तोडतेस."

रीक्का आधी हसली. मग पडद्याजवळ सरकली. "मग आता विचारू?"

"विचार."

"आई एवढी आजारी होती, तर मला लगेच का नाही बोलावलंत?"

ताइस्तोची नजर वायफायच्या चिन्हाकडे गेली. ते पूर्ण भरलेलं होतं. रीक्का थांबली होती, डोळे मिटत-उघडत होती, गोठली नव्हती.

"तिनंच नको म्हटलं होतं," तो म्हणाला. मग मान हलवली. "नाही, खोटं बोलतोय. मीच घाबरलो होतो, रीक्का. तुला बोलावलं असतं, तर ती जाणार हे मला मान्य करावं लागलं असतं."