दातातला दोरा

"दोरा दातात धर गा," असं म्हणून ते समोरच्याच्या तोंडापुढे वीतभर पांढरा दोरा धरायचे. तो दातांत पकडला गेल्याशिवाय सुई पुढे यायची नाही. समोर राम असो की राक्षस.

रामनवमीच्या शोभायात्रेतले ट्रकवरचे देखावे तुम्हीही रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिले असतील. माणसंच देव होऊन उभी असतात, पापणीसुद्धा हलवत नाहीत. सत्तर सालच्या आसपास त्यातल्या बऱ्याच देखाव्यांचा कपडेपट आमच्या शहराच्या इतवारी बाजारातल्या एका गोदामात असे. डांबरगोळ्यांचा वास, पुठ्ठ्याचे मुकुट, खुंटीला टांगलेली वानरांची शेपटं, आणि या सगळ्यांत मांडी घालून बसलेले हे शिंपी. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी देखाव्यांच्या पाट्या रंगवायला तिथे जायचो. ओळख तिथलीच. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

चालत्या ट्रकवर वारा लागला की साटीन सुटतं, आणि टाचणी लावावी तर ती हलता न येणाऱ्या माणसाला टोचत राहते. म्हणून शेवटचे टाके ते अंगावरच घालत. अंगावरचं कापड शिवू नये, असं आपल्या घरोघरी म्हणतात. त्यांच्या वडिलांनी, तेही शिंपीच, त्याला तोड सांगून ठेवली होती. अंगावर शिवून घेतो तो मेलेला. दातात दोरा धरतो तो जिता.

एक किराणा दुकानदार दरवर्षी दशरथ व्हायचे. बोलायला लागले की थांबत नसत. आमच्या शिंप्यांनी एकदा टाके झाल्यावरही त्यांच्या दातातला दोरा काढून घेतला नाही. दशरथ मिरवणूकभर दातात दोरा धरून गप्प बसले आणि पुत्रवियोगाचं दुःख काय चेहऱ्यावर आणलंय, म्हणून लोकांनी वाखाणलं. हे मला डोळ्यानेच खुणावत होते. हसले मात्र नाहीत. ते हसत नसतच फारसे.

त्यांचा एकुलता एक मुलगा सायकलच्या दुकानात कामाला होता. उंच, नाकेला आणि बापाच्या उलट, सदा थट्टेत. एका वर्षी त्याला लक्ष्मण केलं. शक्ती लागून मूर्च्छा आलेला, रामाच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला. ट्रकवर चढताना अंगरख्याची खांद्यावरची शिवण उसवली. पुढचा ट्रक हलला होता, आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पोरगा रामाच्या मांडीवर आडवा झालेलाच होता. हे वर चढले आणि सवयीने दोरा पुढे केला.

"बाबा, मी तं आज मेलेलाच आहो," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मेलेल्याले दोरा काहून देऊन राहिले?"

रामाला हसू आवरेना. वानर हसले. मी पाटी धरून खाली उभा होतो, मीही हसलो. आणि ते हसले. पानानं लाल झालेले त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. हसत हसतच त्यांनी दोरा खिशात टाकला, पोराच्या खांद्यावर भराभर टाके घातले आणि उडी मारून खाली उतरले.

वैशाखात मुलाला कावीळ झाली. डॉक्टर झाले, झाडपाल्याचं औषध झालं. मृगाचं नक्षत्र लागायच्या आत तो गेला.

पुढच्या रामनवमीला ते कामावर आले. कामात जीव रमेल, असं आम्हांला वाटलं. पण आता ते माप घेतानाही दोरा द्यायला लागले. मुकुट चढवताना, पावडर लावतानासुद्धा. लहान मुलं घाबरून आयांच्या मागे लपायची. शिवायची वेळ आली की समोरच्याच्या दातात दोरा असायचा, सुई ओवलेली असायची, आणि त्यांचा हात कापडाजवळ जाऊन तिथेच थांबायचा. त्या वर्षी देव टाचण्या लावून निघाले. हळूहळू त्यांच्याकडे घड्या घालण्याचं काम तेवढं उरलं. मालकाने त्यांना काढलं नाही.

एकदा मी त्यांना समजावायला बसलो. कावीळ पाण्यातून येते, दोऱ्याचा तिच्याशी काही संबंध नाही, असं बरंच बोललो. ते शेल्याची घडी घालत ऐकत होते.

"ते मलेबी समजते, गुरुजी. दोऱ्यानं कावीळ नाही होत." घडी चुकली म्हणून त्यांनी ती मोडली. "पण पोरगा 'मेलो' म्हणे, अन् मी हासलो. बाप होतो ना मी. मी हासलो काहून? तुमी येवढे पुस्तकं वाचता, कुठी सापडलं तं सांगजा."

त्यानंतर भेट झाली की ते तेवढंच विचारायचे. "सापडलं काय, गुरुजी?" मी नाही म्हणून मान हलवायचो. तेही मान हलवायचे, जणू उत्तर ठाऊकच होतं. मी खरोखर शोधत होतो. अजूनही पान उलटताना कधी कधी तो प्रश्न मध्ये येतो आणि पुस्तक मिटावं लागतं.

शेवटच्या आजारात मी त्यांच्या घरी गेलो. बाजेवर माणूस कमी आणि बंडी जास्त अशी स्थिती होती. बंडी खांद्यावरून सारखी घसरत होती. त्यांना उठवून ती काढणं शक्य नव्हतं, म्हणून बायको तिथेच चुणी घालायला सुई ओवून बसली होती. तिने त्यांच्या ओठांशी दोरा नेला.

"धरा ना जी."

त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी काही विचारलं नाही.

"राहू दे वं," ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

तिचा हात तसाच राहिला. मग तिने तो दोरा स्वतःच्या दातांत धरला आणि त्यांच्या खांद्यावर वाकून शिवायला सुरुवात केली.