स्वादुपिंडाचा रुसवा

माझ्या पुतण्याची सोयरीक माझ्या स्वादुपिंडामुळे मोडता मोडता राहिली.

विशालला वडील नाहीत, म्हणून मुलगी पाहायला मोताळ्याहून देऊळगाव राजाला जाताना मी, त्याचा काका, आमच्याकडचा पुढारी होतो. तिथे पोचलो आणि आतून आवाज आला, "पानं वाढतोच आता." मी लगबगीनं मोरीत गेलो आणि जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून घेतलं. बाहेर आलो तर मुलीचा मामा म्हणाला, "पाव्हणे, आमचे थोरले दाजी, म्हणजे पोरीच्या मावशीचे यजमान, बालाजीच्या दर्शनाला गेलेत. ते आले की बसूच."

दाजी येईनात. इन्सुलिन मात्र वेळेवर कामाला लागलं. (पाव्हण्याच्या घरी आधी जेवायला कसं मागायचं? मी भिडेखातर गप्प.) हळूहळू हात थरथरू लागले, सदरा घामानं भिजला आणि समोरची भली माणसं मला नकोशी झाली.

"मले हे घर पसंत नाही," मी म्हणालो.

"काऊन, भाऊजी?" विशालची आई घाबरली.

"पंखा वाकडा हाये."

मामांनी ताडलं, वरपक्ष रुसला. ताबडतोब टॉवेल, टोपी, नारळ हजर. मी टोपी पंख्याकडे भिरकावली.

"मले हे नाही पाहिजे."

"मग काय पाहिजे, ते तरी सांगा," मुलीचे वडील म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. आता हा हुंड्याचा आकडा बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. विशालनं मान खाली घातली. मला हवा होता एक घास, पण तो शब्दच आठवेना.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मुलीनं, पल्लवीनं, माझा घाम पाहिला.

"काका, तुम्ही सुई घेता का? आमच्या आईचं पण असंच होतं."

मी मान डोलावली. तिनं पाण्यात साखर ढवळून मला पाजली. जरा वेळानं पंखा सरळ झाला.

पुढे डॉक्टरांनी समजावलं. स्वादुपिंडातलं इन्सुलिन रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवतं. साखर फार उतरली, की त्याच स्वादुपिंडातलं ग्लुकागॉन हे दुसरं संप्रेरक यकृतातली साठवणीची साखर रक्तात सोडायला लावतं. एरवी दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. पण टोचलेलं इन्सुलिन 'आता थांब' म्हटल्यानं थांबत नाही; एकट्या ग्लुकागॉननं किती ओढावं?

आयुष्यभर मी स्वतःला शांत स्वभावाचा समजत आलो. तो स्वभाव चमचाभर साखरेवर उभा होता, हे त्या बापाच्या कापऱ्या आवाजानं मला शिकवलं.

लग्न छान झालं. देऊळगावात मात्र अजून सांगतात, "नवरदेवाचा काका लई तापट, पण पटला स्वस्तात. एक गिलास सरबतात."