साफ रिपोर्ट

गेल्या चैत्रातला मंगळवार, सकाळ. हजर: मी, माझी जाऊ, समोरच्या घरची सासू आणि तिची सून. शेलूबाजारात आमच्या गल्लीत उन्हाळ्याचे पापड पाळीने होतात. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. कोणी कधी कुठे यायचं, हे मी ठरवते.

त्या सुनेबद्दल सांगते. पापडाचं पीठ कुटता कुटता ती मुसळ टेकवायची, मूठ छातीवर दाबायची आणि म्हणायची, "थांबा वं, घडीभर."

"मुसळ हाती आलं का हिची छाती दुखते," माझी जाऊ टोमणा मारी.

"मंग तूच घे. तुये दंड लटकून राह्यले," ती हसत म्हणे.

तिची अकोल्याला अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या नळ्या मोकळ्या निघाल्या. सासूने देवीचा नवस फेडला, गल्लीभर पेढे वाटले. घोटाळा तिथेच झाला. पेढे खाल्लेल्यांना तिचं दुखणं पटेना.

"पेढे खाल्ले ना आमी, आता कायचं दुखते?" जाऊ विचारी. सासूही तेच म्हणे.

मग तिने सांगणंच सोडलं. पाण्याची घागर वाटेत उतरवून साडीच्या निऱ्या नीट करत बसे. तुम्हीही अशी बाई पाहिली असेल. निऱ्या ठीकच असत; चेहरा घामाने डबडबलेला.

शेवटी मीच तिला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या आणि सांगितलं, "मोठ्या नळ्या मोकळ्या आहेत. पण हृदयातल्या बारीक नळ्या कामाच्या वेळी पुरेशा पसरत नाहीत, म्हणून रक्त कमी पडतं. दुखणं खरं आहे. गोळ्या सोडू नका."

बाहेर बाकावर बसून ती रडली. "खरं हाय म्हंते वं बाई," एवढंच म्हणत राहिली.

आता ती कारंज्याला लेकीकडे असते. गोळ्यांनी बरं आहे. फोन ठेवताना एकच विचारते, "माह्या सासूले सांगतलं का? तिले पटलं तरच मी घरी येतो."

जावेला सांगून झालं. मग समोरच्या घरी सासूकडे गेले. म्हातारी वाती वळत होती. जावेकडून तिच्या कानावर आलं असावं, कारण मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "सून तपासणीत चांगली निंगाली म्हून म्या नवस फेडला. देवीनं मले फसवलं, हे सांगाले आली काय तू?"

मी चार वाती वळून दिल्या आणि उठले. सांगायचं राहिलंच आहे.