तिखट आइस्क्रीम

इंद्रलोक सोसायटीत आमच्या समोरच्या घरात काकू एकट्याच राहतात. त्यांना दिसत नाही. भाचीने त्यांना एक बोलणारं मशीन आणून दिलंय. पाकिटावरच्या बारकोडसमोर धरलं की ते इंग्रजीत वस्तूचं नाव सांगतं. काकू त्याच्याशी हिंदीत भांडतात, जशा भाजीवाल्याशी. "जोर से बोल ना! खाना नहीं खाया क्या?"

कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा त्यांचा नेम. संध्याकाळी दिलेला डबा सकाळी वड्या घालून दारात हजर.

एकदा मी आइस्क्रीमच्या जुन्या डब्यातून मिरचीचं लोणचं नेलं. काकू पूजेला बसल्या होत्या, म्हणून डबा ओट्यावर ठेवून आले. दुपारी त्या पाण्याचा तांब्या घेऊनच आमच्या दारात.

"तुझं आइस्क्रीम फार तिखट आहे गं!"

मशीनने डब्यावरचं नाव सांगितलं होतं आणि काकूंनी मोठा चमचा तोंडात घातला होता.

"अहो, वास नाही आला?"

"आला की. पण म्हटलं मशीन नवीन आहे, त्याला जास्त कळत असेल."

मशीनबरोबर कोरे स्टिकर आले होते. ते चिकटवून आपल्या आवाजात नाव भरलं की मशीन तेच ऐकवतं. काकूंनी एक त्या डब्यावर चिकटवून मला लगेच बोलायला लावलं. मी म्हटलं, "काकू, मिरचीचं लोणचं आहे. जपून खा हं."

तो डबा काही परत आला नाही. परवा त्यांच्या ओट्यावर दिसला, घासून पालथा घातलेला.

"काकू, हा नेऊ का?"

"राहू दे गं. घरात माझ्याशी मराठीत बोलणारा तेवढाच आहे."