कमिशनरसाहेबांची लीग

कमिशनरसाहेबांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे, आणि हे ते मोठ्या अभिमानानं सांगत. "खेळ खेळाडूंना कळतो. मला फक्त घड्याळ कळतं." आडनाव मुकादम, मूळचे रत्नागिरीकडचे, पण इथे आखातात कॉलेजांच्या लीगचे प्रमुख झाले आणि सगळे त्यांना कमिशनर म्हणू लागले. सुरुवातीला अर्थातच चेष्टेनं.

लीगही चेष्टेचीच होती. चारचा सामना इन्शाल्ला साडेपाचला सुरू व्हायचा. प्रेक्षक म्हणजे एसीच्या गारव्याला आलेली दोन-तीन माणसं. मुलींचे सामने भर दुपारी, चुकून कुणी पाहू नयेत म्हणून. मी अजमानच्या कॉलेजच्या संघात होते, त्यामुळे हा बहुमान मलाही लाभला.

पहिल्याच आठवड्यात पंच उशिरा आला. "हबीबी, ट्रॅफिक!"

"शारजात ट्रॅफिक असतं हे आज कळलं का तुम्हाला?" म्हणत साहेबांनी सामनाच रद्द केला. पुढच्या वेळी पंच आमच्याआधी हजर.

मग त्यांनी मुलींचे सामने शनिवारी संध्याकाळी घेतले आणि प्रत्येकीच्या घरी स्वतः फोन केला. माझ्या आईला म्हणाले, "वहिनी, पोरगी छान खेळते म्हणतात. मला समजत नाही. तुम्ही बघून सांगा." आई आली, शेजारणींना घेऊन आली. गॅलरी भरली, मागोमाग वर्तमानपत्रवाले आले, आणि आपण जन्मापासून बास्केटबॉलप्रेमी असल्याचा शोध सगळ्या प्राचार्यांना एकदमच लागला.

अल ऐनला होणाऱ्या आमच्या अंतिम सामन्याआधी कळलं, की समोरच्या बड्या कॉलेजानं संघात बाहेरची खेळाडू घेतलीय. त्यांचे चेअरमन साहेबांना म्हणाले, "मुकादमसाब, लीग का नाम हो रहा है। अ‍ॅडजस्ट करो."

"नाव होतंय म्हणूनच नाही," साहेब म्हणाले आणि तो संघ बाद केला. त्यांच्या जागी तिसऱ्या क्रमांकाचा संघ खेळला. त्यानं आम्हाला हरवलं, ही न्यायाची आम्हाला मिळालेली खास भेट.

साहेबांचं कंत्राट मात्र खलास, म्हणजे मायदेशी परत. त्यांच्या जागी सात जणांचं बोर्ड आलं, तेच चेअरमनसाहेब अध्यक्ष. विमानतळावर निरोपाला बोर्डाचं कुणी आलं नाही. ते लीगची उंची वाढवण्याच्या बैठकीत होते.

आली ती बाद झालेल्या संघाची कॅप्टन. "सर, आय वॉज सो अँग्री विथ यू."

"असणारच, बेटा. वर्षभर घाम गाळलास. पण तुला न विचारता ज्यांनी तुझा खेळ खोटा केला, त्यांच्यावरही थोडी रागव."

ती रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं त्यांच्या हातातली बॅग घेतली, आणि दारापर्यंत कुणाच्या हाती दिली नाही.